जुनं शिलाई मशीन तेल दिलं की चालतं, काही दिवसांत पुन्हा जड होतं: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. जुनं मशीन घरात आलं, चाक घट्ट होतं. दिसेल त्या भोकात तेल सोडलं, थोडा वेळ फिरवलं, मशीन मोकळं झालं. चार टिपा छान पडल्या. आठ-पंधरा दिवसांनी झाकण काढून बघावं तर चाक पुन्हा जड. पुन्हा तेल, पुन्हा मोकळं, पुन्हा जड. मग कोणीतरी म्हणतं, ‘झिजलंय ते आता, टाकून द्या.’

हे निदान साफ चुकीचं आहे. झिजलेलं मशीन सैल होतं, खडखडतं, सुई-दांडी हाताला डुलते, टीप वाकडी जाते. झिजल्यामुळे मशीन जड होत नाही. चाक जड फिरतंय याचा अर्थ दोन धातूंच्या मध्ये काहीतरी अडकलंय किंवा कोणीतरी एखादा स्क्रू नको तितका आवळलाय. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात आणि बहुतेक वेळा एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

तेल देऊनही दोष परत का येतो, हे आधी समजून घेऊ.

मशीनमध्ये वर्षानुवर्षं पडलेलं तेल हवेशी संयोग पावून घट्ट होत जातं. त्यात कापडाची लव आणि धूळ मिसळते. शेवटी सांध्यांत सुकलेल्या डिंकासारखा तपकिरी, चिकट थर उरतो. त्यावर नवं तेल पडलं की थराचा वरचा भाग विरघळतो आणि मशीन मोकळं वाटतं. पण विरघळलेला तो गाळ बाहेर येत नाही, तिथेच राहतो. नवं तेल ओघळून गेलं की तो पुन्हा बसतो, कधीकधी आधी मोकळ्या असलेल्या जागी जाऊन बसतो. म्हणून दर खेपेला मशीन आधीपेक्षा थोडं जास्तच जड झाल्यासारखं वाटतं. तो भास नसतो.

तेल कोणतं घातलं होतं यावरही पुष्कळ अवलंबून आहे. खाण्याचं तेल मशीनला घालणारे लोक आहेत. जवसाचं तेल रंगात वापरतात ते ते सुकून कडक पापुद्रा धरतं म्हणून. सूर्यफूल, करडई वगैरे तेलं त्याच जातीची, फक्त सुकायला वेळ जास्त घेतात. खोबरेल तसं सहज सुकत नाही, पण साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते गोठू लागतं. गारठ्यात सकाळी मशीन हलत नाही आणि दुपारी आपोआप सुटतं, अशी तक्रार असेल तर खोबरेलाचा संशय जरूर घ्यावा.

गंज सोडवायच्या स्प्रेचंही तसंच. फवारला की जादू होते, कारण त्यात पातळ द्रावक असतो. तो उडून गेला की वंगण म्हणून फारसं काही मागे राहत नाही आणि विरघळलेला चिकटा होता तिथेच थिजतो. अडकलेला स्क्रू सोडवायला तो स्प्रे उत्तम. मशीनचं तेल म्हणून मात्र तो वापरूच नये.

आधी जडपणा कुठला ते ठरवा

तेलाची बाटली उघडण्याआधी मशीन रिकामं करा. वरचा दोरा काढा, बॉबिन आणि बॉबिन केस काढा, सुई काढा, दाबपट्टी वर उचला. पायमशीन असेल तर पट्टा उतरवा. मोटर असेल तर प्लग काढून मग पट्टा उतरवा. आता चाक हातानं हळूहळू फिरवा. बहुतेक मशीनांचं चाक आपल्या दिशेनं, म्हणजे वरचा काठ आपल्याकडे येईल असं फिरतं. व्हाइट कंपनीच्या जुन्या रोटरी मशीनसारखी काही मात्र उलट दिशेनं चालतात. उलट फिरवल्यामुळे दोरा गुंतून मशीन अडकलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय, तेव्हा ही खात्री आधी करावी.

चाक फिरवताना बळ लावू नका, बोटांना काय लागतंय ते बघा.

पूर्ण फेरीभर सारखाच जडपणा असेल, चिखलातून ओढल्यासारखा, तर सुकलेलं तेल हेच कारण. एका फेरीत एकाच जागी अडतं आणि मग सुटतं, असं दर फेरीला होत असेल तर एखादा भाग कशाला तरी घासतोय: शटलमध्ये (खालचा दोरा गुंफणाऱ्या भागात) दोऱ्याचा तुकडा, दात्यांखाली (कापड पुढे सरकवणाऱ्या दातेरी पट्टीखाली) बसलेलं कापसाचं ढेकूळ, किंवा वाकलेली पट्टी. कधी अडतं, कधी नाही, असं असेल तर सुटा दोरा कुठेतरी गुंडाळला जातोय. आणि रिकामं मशीन हलकं, पण कापड घातलं की जड, असं असेल तर तेलाचा संबंधच नाही. सुई, टेन्शन (दोऱ्याचा ताण), दाते याकडे बघा.

हा एक मिनिटाचा तपास न करता सरळ तेल घालणं हेच दोष परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण.

पुढची चाचणी चाकाची. चाकाच्या मधोमध एक गोल घुंडी किंवा मोठा स्क्रू असतो. बॉबिन भरताना आपण तो सैल करतो, म्हणजे चाक एकटं फिरतं आणि सुई थांबते. तो सैल करून चाक फिरवा. चाक एकटंच जड असेल तर दोष दांड्यावर, चाकाच्या मागे आहे. तिथे बारीक दोरा आत ओढला जातो आणि चाक व खांब (मशीनचा उजवीकडचा उभा भाग) यांच्या फटीत गुंडाळून घट्ट वळं तयार करतो. घुंडीतला छोटा अडवणारा स्क्रू सैल करून घुंडी काढली की आतून एक पातळ वॉशर निघतो. त्याला आत वळलेली दोन शिंगं आणि बाहेर तीन कान असतात. काढण्याआधी त्याचा फोटो घ्या. परत बसवताना तो अर्ध्या फेरीनं फिरला तर घुंडी नीट आवळत नाही, किंवा सैल केली तरी चाक सुटत नाही. मग लोक समजतात की मशीन आपण मोडलं. वॉशर अर्धी फेरी फिरवून परत लावला की काम होतं.

चाक एकटं हलकं आणि घुंडी आवळल्यावर जड, तर दोष डोक्यात, म्हणजे मशीनच्या शिवणाऱ्या मुख्य भागात आहे. पुढे वाचा.

मशीन कोणतं आहे ते ओळखा, कारण तेलाच्या जागा त्यावर ठरतात

इथे लोक कंटाळतात. पण ओळख पटल्याशिवाय योग्य सुई, योग्य बॉबिन आणि तेल देण्याच्या जागांची आकृती असलेली पुस्तिका मिळत नाही. वरची चार-सहा भोकं सगळ्यांना दिसतात. खालच्या बाजूला तितक्याच, काही मशीनांत त्याहून जास्त जागा असतात आणि बरोबर त्याच कोरड्या राहतात.

वरच्या सोनेरी नक्षीवर विसंबू नका. नाव दुकानदाराचंही असू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सिंगर कंपनीच्या १५ क्रमांकाच्या मॉडेलच्या (सिंगर १५) धर्तीवर प्रचंड संख्येनं मशीनं बनली आणि ती वेगवेगळ्या देशांत शेकडो वेगवेगळ्या नावांनी विकली गेली. मशीन उलटून खालच्या ओतकामावर जे-ए किंवा जे-सी ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे दिसले तर ते त्यातलंच. अशा मशीनला सिंगर १५ चं बॉबिन, बॉबिन केस आणि सुई चालते, त्यामुळे नाव अनोळखी असलं तरी घाबरायचं कारण नाही.

मूळ सिंगर असेल तर पाटावर (मशीनच्या सपाट तळभागावर) उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी क्रमांक कोरलेला असतो. १९०० च्या आधीच्या मशीनांवर नुसते आकडे. १९०० पासून आधी एक अक्षर आणि मग आकडे, आणि १९३५ च्या सुमारापासून दोन अक्षरं. दोन अक्षरांतलं पहिलं ‘ई’ असेल तर मशीन स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं, ‘ए’ असेल तर अमेरिकेतल्या एलिझाबेथ गावातलं, ‘जे’ असेल तर कॅनडातलं. क्रमांकाच्या यादीत मिळते ती तारीख त्या क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला दिल्याची असते. मशीन प्रत्यक्ष नंतर बनलेलं असू शकतं. खांबावरच्या बिल्ल्यात १८५१–१९५१ असं लिहिलं असेल तर तो कंपनीच्या शताब्दीचा बिल्ला आहे. १८५१ हे वाचून दीडशे वर्षांहून जुनं मशीन हाती लागलं म्हणून आनंदानं उड्या मारू नयेत. सरकपट्टीवर (बॉबिनवरच्या सरकत्या झाकणावर) कोरलेल्या तारखांचंही तेच. त्या पेटंटच्या असतात, उत्पादनाच्या नव्हेत.

क्रमांक पुसट असेल तर बॉबिन बघा. लांब, बारीक, दांडीसारखं बॉबिन आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल, तर ते सिंगर २७, २८, १२७, १२८ किंवा त्या धर्तीचं. २८ आणि १२८ ही लहान आकाराची. गोल बॉबिन, डाव्या टोकाला उभ्या बॉबिन केसमध्ये बसणारं, तर १५ चा वर्ग. गोल बॉबिन वरून आडवं टाकायचं असेल तर ६६ किंवा त्याचं छोटं भावंड ९९. २०१ मध्येही बॉबिन वरून टाकतात, पण त्याचं हूक (वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा आकडा) पूर्ण गोल फिरतं आणि आतली चाल गिअरवर असते, म्हणून ते इतकं शांत चालतं. बॉबिनच नाही आणि टीप खालून साखळीसारखी दिसते, तर ते साखळी टाक्याचं मशीन. त्याचं सगळंच वेगळं.

या वर्गांपैकी १५, २७, ६६, ९९, १२७, १२८, २०१ या सगळ्यांना १५×१ ही सुई लागते. आजच्या पाकिटावर ती १३०/७०५ एच या नावानं येते. ही आजही सगळीकडे मिळणारी साधी घरगुती सुई आहे. एका बाजूला चपटी दांडी, दुसऱ्या बाजूला लांब खाच. १८६५ च्या सुमाराला आलेल्या सिंगरच्या ‘न्यू फॅमिली’ मशीनला, म्हणजे वर्ग १२ ला, गोल दांड्याची १२×१ सुई लागते. त्यात आजची सुई घालून टाके सुटतात म्हणून रडण्यात अर्थ नाही.

सुई कुठल्या बाजूला तोंड करून बसवायची हे दर मशीनला वेगळं असतं. नियम मात्र एकच: चपटी बाजू शटलच्या किंवा हूकच्या टोकाकडे, लांब खाच दोरा ज्या बाजूनं येतो तिकडे. सुईच्या वरचा शेवटचा दोरा-आकडा ज्या बाजूला आहे, त्या बाजूनं दोरा ओवायचा. उलटी बसलेली सुई हूकला घासते, दर फेरीला बारीक ‘टक’ वाजतं आणि मशीन जड असल्याचा समज होतो.

जुना चिकटा बाहेर काढणं

आता खरं काम. यात घाई केली तर पुढच्या महिन्यात हाच लेख परत उघडावा लागेल.

लागणारं सामान थोडंच: मशीनचं पातळ, रंगहीन खनिज तेल, थोडं रॉकेल, जुना दातांचा ब्रश, कानात घालायच्या काड्या, भरपूर फडकी, आणि चांगल्या पात्याचा पेचकस. पातं स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असंच घ्या. जुन्या मशीनचे स्क्रू नेहमीच्या मापाचे नसतात. खाच एकदा खाल्ली गेली की बदली स्क्रू शोधण्यात दिवस जातात.

रॉकेलबद्दल दोन गोष्टी. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको, आणि मोटर काढून बाजूला ठेवूनच काम करा. दुसरं म्हणजे रॉकेल चिकट्याबरोबर उरलंसुरलं तेलही धुऊन नेतं. त्यामुळे रॉकेलानं साफ केलेला सांधा कोरडा ठेवून मशीन वेगात चालवायचं नाही.

डाव्या टोकाची झाकणपट्टी एक-दोन स्क्रू काढले की निघते. आत सुई-दांडी, दाबपट्टीची दांडी आणि दोरा वर ओढणारा लिव्हर दिसतो. सुई-दांडी वर-खाली होताना नीट बघा. धातू चकचकीत दिसायला हवा. पिवळट-तपकिरी पट्टे दिसले, नखानं खरवडल्यावर मेणासारखी कात निघाली, तर जडपणाचा निम्मा हिशोब तिथेच लागला. फडक्याच्या पट्टीला रॉकेल लावून ती दांडीभोवती घ्या आणि दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढा. चाक थोडं फिरवा, पुन्हा पुसा. दांडी पूर्ण वर असताना जो भाग आत लपतो, तो पूर्ण खाली आणून पुसायला विसरू नका.

वरच्या भोकांत आधी काडीनं कचरा काढा. कित्येक भोकं धुळीनं बुजलेली असतात आणि वरून ओतलेलं तेल आत न जाता पाटावर ओघळतं. भोक मोकळं झालं की दोन-तीन थेंब रॉकेल, मग पाच-दहा मिनिटं हातानं चाक फिरवणं. खालून, बाजूनं काळपट तपकिरी पाणी पाझरेल. ते पुसा. पुन्हा रॉकेल, पुन्हा फिरवणं. पाझरणारं पाणी फिकं होईपर्यंत हे करायचं. मग रॉकेल उडून जाऊ द्या आणि मशीनचं तेल द्या, तेही एका जागी एक-दोन थेंब. आता जे पाझरेल ते पारदर्शक हवं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काळं आलं तर आत अजून चिकटा आहे. परत एक फेरी करा.

फारच घट्ट बसलेल्या सांध्याला ऊब द्या. केस सुकवायच्या यंत्राची गरम हवा काही मिनिटं पुरते. धातू हाताला सोसवेल इतकाच गरम करा. ज्योत कधीच नको.

मशीन मागे कलवून खालची बाजू बघा. लोक इथे पोचतच नाहीत. पाटाखाली दोन लांब दांडे आडवे जातात: एक दात्यांची पुढे-मागे चाल देणारा, दुसरा वर-खाली चाल देणारा किंवा शटल हलवणारा. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्याला तेल लागतं. खांबाच्या मागे गोल झाकण असेल तर ते स्क्रू सैल करून फिरवा. आत वरच्या दांड्याला खालच्या भागाशी जोडणारा मोठा हात दिसेल. त्याचा वरचा सांधा दर फेरीला सगळ्यात जास्त भार घेतो आणि बऱ्याच मशीनांत सगळ्यात जास्त दुर्लक्षित तोच असतो.

सगळं साफ केलं तरी जड, तर हे बघा

खालचे आडवे दांडे बहुधा दोन्ही टोकांना शंकूच्या आकाराच्या टोकदार स्क्रूंवर तोललेले असतात. त्यावर आवळायची नट असते. कोणीतरी आधी ‘दुरुस्ती’ करताना हे स्क्रू मजबूत आवळून ठेवतो. दांडा हलतो, पण प्रत्येक हालचालीला कुरकुरतो. ओळखायची खूण: नट सैल करून शंकूचा स्क्रू अगदी केसभर, घड्याळाच्या काट्याच्या दोन-तीन मिनिटांइतका, मागे घेतला की चाक लगेच हलकं होतं. त्याच वेळी दांडा आडवा हलवून बघा. हाताला खेळ जाणवला तर जास्त सैल झाला. खेळ नाही आणि जडपणाही नाही, त्या जागी स्क्रू पेचकसानं धरून नट आवळा. नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर चाक पुन्हा तपासा. एका वेळी एकच टोक हलवा आणि मूळ जागेची खूण पेन्सिलनं करून ठेवा. दोन्ही टोकं एकदम सैल केली तर दात्यांची जागा सरकते आणि ते सुईखालच्या पट्टीला घासू लागतात. एक नवाच उपद्व्याप होऊन बसतो.

एकाच जागी अडणाऱ्या मशीनला सुईखालची पट्टी काढल्याशिवाय पर्याय नाही. दोन स्क्रू, पट्टी वर. दात्यांच्या ओळींमधल्या खाचांत लव दाबून दाबून इतकी घट्ट होते की तिचा नमदा (दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर) तयार होतो. ब्रशनं निघत नाही, सुईनं टोकरून काढावा लागतो. निघतो तेव्हा दात्यांच्या खाचेचा हुबेहूब साचा असतो, करडा, तेलकट, कधीकधी रंगीत दोऱ्याच्या रेघांसह. हा नमदा दाते पूर्ण खाली जाऊ देत नाही. म्हणून फेरीत एका जागी अडतं, टाके आखूड पडतात आणि कापड सरकत नाही. माणूस मात्र तेल घालत राहतो आणि नमदा ते तेल पिऊन आणखी फुगतो.

काही मशीनांत, उदाहरणार्थ ६६ आणि ९९ मध्ये, हूकजवळ लाल नमद्याचा छोटा तुकडा मुद्दाम बसवलेला असतो. तो तेल धरून ठेवण्यासाठी आहे. कचरा समजून काढून टाकू नका, त्याला एक-दोन थेंब तेल द्या.

शटलची किंवा हूकची घळ वेगळी तपासा. १५ च्या वर्गात बॉबिन केस काढल्यावर मागे गोल कडी दिसते. काहींना ती दोन कळांनी धरलेली असते, काहींना स्क्रूनं. ती काढली की चंद्रकोरीसारखं हूक बाहेर येतं. हूकच्या बाहेरच्या कडेला आणि घळीत मशीन अडवायला दोऱ्याचा बोटभर तुकडा पुरेसा असतो. तो घळीच्या आत चपटा होऊन बसतो आणि धातूच्याच रंगाचा दिसतो. नखाची कड घळीतून पूर्ण फिरवा. बोटाला अडलं तर तिथे आहे. हूकच्या टोकावर खरबरीत ओरखडा असेल तर दोरा तिथे तुटतो. अगदी बारीक पॉलिश कागदानं तो हलकेच घासता येतो, पण टोकाचा आकार बदलू देऊ नका. घळ पुसून तेलाचा एकच थेंब. जास्त झालं तर पहिल्या वीतभर टिपेवर तेलाचे ठिपके उमटतात.

पायमशीन आणि मोटर

डोकं हलकं झालं, पट्टा चढवला आणि पुन्हा जड, तर दोष डोक्यात नाही. पायमशीनचा चामडी पट्टा घसरू नये इतकाच ताणलेला हवा. बोटानं दाबल्यावर थोडा झोल पडला पाहिजे. आखूड कापलेला पट्टा चाक खाली ओढतो आणि दांड्याच्या बेअरिंगवर सतत भार येतो. खालच्या मोठ्या चाकाचा आस, पायडलची दोन्ही टोकं आणि पायडलला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे सांधे इथेही तोच सुकलेला चिकटा असतो. पट्टा उतरवून मोठं चाक हातानं फिरवून सोडून द्या. ते बराच वेळ आपलंआपण झुलत राहून मग थांबलं पाहिजे. लगेच थांबलं तर आधी तिथे काम करा.

मोटर असेल तर वायर आधी बघा. जुन्या रबरी वेष्टणाला भेगा पडतात. वाकवल्यावर वेष्टण तडकलं किंवा आतली तार दिसली तर प्लग लावूच नका. वायर बदलून घ्या. मोटरच्या पट्टीवर व्होल्ट लिहिलेले असतात. ११० व्होल्टची मोटर २२० ते २४० व्होल्टवर थेट लावली तर जळते. पट्टा उतरवून मोटरची पुली बोटानं फिरवा. ती मोकळी फिरायला हवी.

मोटरमध्ये मशीनसारखं तेल ओतायचं नाही. कार्बन ब्रश आणि फिरत्या भागावर तेल गेलं की ठिणग्या उडतात आणि धूर येतो. सिंगर २२१ सारख्या मोटरांना ग्रीससाठी नळ्या असतात. १५-९१ आणि २०१-२ मध्ये मोटर डोक्यालाच जोडलेली असून गिअरवर चालते. तिथेही ग्रीसच लागतं. धातूच्या गिअरवर पातळ तेल टिकत नाही, उडून जातं. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं असेल तर ते खरवडून काढल्याशिवाय वर नवं लावू नका. तेलाची गोष्ट इथे ग्रीसलाही लागू आहे.

काळा रंग आणि सोनेरी नक्षी जपताना

आतला चिकटा काढताना बाहेरचं रूप घालवलेली मशीनं खूप दिसतात. जुन्या काळ्या मशीनवर नक्षीच्या वर लाखेचा पातळ थर असतो. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं द्रव यानं तो थर पांढुरका पडतो किंवा नक्षीसकट निघून येतो. अमोनियाचे काच पुसायचे द्रवही नकोत. बाहेरून पुसायला मशीनचं तेलच सगळ्यात सुरक्षित. कापसाला तेल लावून हलकेच फिरवायचं, मळ सुटतो, मऊ फडक्यानं कोरडं करायचं. आधी खांबाच्या मागच्या, न दिसणाऱ्या जागी करून बघा. नक्षी जिथे आधीच भुरभुरतेय, तिथे हातच लावू नका. रॉकेल आतल्या उघड्या धातूपुरतंच ठेवा.

गंजून पूर्ण अडकलेल्या मशीनबद्दल एवढंच: चाकाला पान्हा किंवा दांडी लावून जोर करू नका. ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ तुटतं. गंज सोडवणारं द्रव सांध्यांत सोडा, रात्रभर थांबा, चाक पुढे-मागे केसभर हलतंय का बघा. हललं की त्याच छोट्या अंतरात पुढे-मागे करत राहा. अंतर हळूहळू वाढतं. इथे स्प्रे जरूर वापरा, पण मशीन सुटल्यावर तो धुऊन काढून मशीनचं तेल द्या.

पुन्हा जड झालं तर

साफसफाईनंतर मशीन दोन-तीन दिवस तसंच ठेवा आणि नवं तेल न देता चाक फिरवून बघा. हलकं राहिलं तर काम झालं. थोडं जड वाटलं तर आणखी एक फेरी लागणार. जुन्या मशीनला पहिल्या खेपेत सगळा चिकटा सोडणं क्वचितच जमतं. पहिल्यासारखंच घट्ट झालं असेल तर चिकट्याचा नाद सोडा आणि शंकूचे स्क्रू, चाकामागचं दोऱ्याचं वळं, दात्यांखालचा नमदा या तीन जागी परत जा.

रोज तासन् तास शिवत असाल तर रोज काम संपल्यावर एक-एक थेंब तेल. अधूनमधून वापर असेल तर महिन्यातून एकदा पुरे. तेल दिल्यावर टाकाऊ कापडावर थोडा वेळ टीप मारा, म्हणजे जादा तेल त्यातच जाईल. दर चार-पाच बॉबिनांनंतर सुईखालची पट्टी उघडून ब्रश फिरवा, विशेषतः फ्लॅनेल किंवा टॉवेलचं कापड शिवल्यावर. मशीन महिनोन् महिने बंद राहणार असेल तर ठेवण्याआधी तेल देऊन ठेवा, दाबपट्टीखाली कापडाचा तुकडा घाला आणि महिन्यातून एकदा चाक दहा-बारा फेऱ्या फिरवा.

आणि तेल देताना पाझरणारा थेंब पांढऱ्या फडक्यावर घ्या. तपकिरी दिसला तर नवं तेल ओतण्याआधी आत रॉकेलाची आणखी एक फेरी बाकी आहे.